गोडे पाणी

आमच्या भागात खेकडा ही खाण्याची गोष्ट आहे, पाळण्याची नव्हे. भोर काय किंवा वेल्हे काय, मृगाचा पहिला दणका बसला, ओढ्याला गढूळ पाणी आले, की संध्याकाळी माणसे बॅटऱ्या घेऊन बाहेर पडतात. उन्हाळाभर बिळात दडून बसलेले खेकडे पाण्याच्या आवाजाने वर येतात आणि उजेड पडताच क्षणभर जागच्या जागी थांबतात. तेवढा क्षण पुरतो. आमच्या हिचे माहेर वेल्ह्याचे. (तालुक्याचे नाव आता राजगड झाले आहे, पण माहेराचे नाव सरकारी कागदाने बदलत नाही.) नऊ-दहा वर्षांची असल्यापासून ती खेकडा मागून, पाठ दाबून, एका हाताने उचलते. त्याचे बारके पाय पाट्यावर वाटून, ते पाणी गाळून जे कालवण ती करते, त्याने जुनाट सर्दी पळते असा तिचा दावा आहे. पंचेचाळीस वर्षांच्या संसारात मी त्या दाव्याची शहानिशा केलेली नाही. पानात वाफाळते कालवण असताना शहानिशा करीत बसणाऱ्या माणसाला मी तरी शहाणा म्हणणार नाही.

अशा घरात माझ्या थोरल्या भावाने खेकडा पाळला. तोही समुद्रातला.

'घरात' म्हटले खरे, पण तो शब्द जरा सैल वापरला. वाडा एक, घरे दोन. वडील गेल्यावर वाटणी झाली, आणि वाटणीत जे होते ते सगळे झाले. माजघराच्या मधोमध नऊ इंची भिंत उभी राहिली. विहीर माझ्या बाजूला आली, देवघर अण्णाच्या. ह्या दोहोंपैकी अधिक काय मोलाचे ह्यावर जे बोलणे झाले, ते शेवटचे. पुढे लग्नकार्यात आहेर जात-येत राहिले, माणसे नाही. एवढ्या काटेकोर वाटणीत एक गोष्ट मात्र कोणाच्याच लक्षात आली नव्हती. वाड्याचा उतार माझ्या अंगाला. त्यामुळे अण्णाच्या न्हाणीचे पाणी भिंतीतल्या एका भोकातून माझ्या मोरीत यायचे आणि मग बाहेर जायचे. गवंडी म्हणाला, "ह्याला विलाज नाही, सर. पाणी काय वाटणी बघत नाही." त्यावरूनही आम्ही दोन पत्रे एकमेकांना रजिस्टरने पाठविली होती.

अण्णा तेव्हा मुंबईत असे. 1964 साली, मी तेरा वर्षांचा असताना, तो भोरहून गेला आणि गोदीतल्या एका कचेरीत चिकटला. गिरगावात एक खोली. संध्याकाळी पाय मोकळे करायला चौपाटी, आणि रविवारी मुलाला घेऊन मरीन ड्राइव्हवरचे तारापोरवाला मत्स्यालय. हे मत्स्यालय 1951 साली उघडले. आमच्या पिढीच्या मुंबई पाहायला गेलेल्या प्रत्येक पोराने राणीच्या बागेइतक्याच श्रद्धेने तिथल्या काचेला नाक लावलेले आहे. अण्णाचे नाक तिथून कधी निघालेच नाही, असे वहिनी म्हणत. मुलगा मोठा होऊन कॅनडात गेला. 2016 मध्ये वहिनी गेल्या. त्याच वर्षी दिवाळीनंतर एक टेम्पो वाड्यासमोर थांबला. त्यातून दोन ट्रंका, एक पलंग, गाद्यांत गुंडाळलेली एक भली मोठी काचेची पेटी आणि अण्णा असे उतरले. पेटी उतरताना मात्र तो हमालांवर ओरडला. त्यावरून प्रकृती बरी आहे एवढे मला माझ्या दारातून समजले.

त्यानंतर रात्री भिंतीपलीकडून एकसारखा घुंऽऽ असा आवाज येऊ लागला. ही म्हणाली, "भाऊजींनी घरघंटी घेतली वाटतं." एकटा माणूस रात्रभर काय दळतो, हा प्रश्न आम्हाला दोन वर्षे पुरला.

उत्तर मोरीतून आले. 2019 चा शिमगा होऊन चारच दिवस झाले होते. पहाटे पाचाला ही न्हाणीत गेली आणि माझ्या अंथरुणापाशी येऊन उभी राहिली. हातात खेकडा. किंचाळणे वगैरे वेल्ह्याच्या बायकांना ठाऊक नाही.

"अहो, उठा. हा आपला नाही."

"म्हणजे?"

"शिमग्यात खेकडा कुठला बाहेर येतोय? आणि पाठ बघा. आपला कसा फुगीर, गुळगुळीत असतो. हा चपटा आहे, रेघारेघांचा. आणि वास घ्या."

मी वास घेतला. भोरच्या वाड्यात, पहाटे, अंथरुणात, मला हरिहरेश्वरच्या खडकांचा वास आला.

तेवढ्यात दाराची कडी वाजली. बाहेर अण्णा उभा. हातात बॅटरी, अंगात बंडी, श्वास लागलेला. मला जन्मभर अरे-तुरे करणारा माझा भाऊ अवघडून म्हणाला, "आमचा खेकडा तुमच्याकडे आलाय का?"

अशा प्रश्नाला मानी उत्तर कसे द्यावे हे मला अद्याप सुचलेले नाही. हिने खेकडा पुढे केला आणि चहाचे आधण ठेवले.

त्या सकाळी तेवीस वर्षांनी मी भिंतीच्या पलीकडे गेलो. आमच्या जुन्या देवघराला लागून, जिथे आजीची जाती असत तिथे, समुद्र होता. तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. तळाला वाळू, मध्ये दगडांचा ढीग, त्यातला एक दगड पाण्याबाहेर डोके काढून. दोन नारिंगी क्लाउन मासे, अंगावर पांढरे पट्टे. तीन शंख वाळूवरून चालत होते. नीट पाहिले तर शंखाखालून पाय. काचेवर चार गोगलगायी. हवेचा पंप घुंऽऽ करीत होता.

"मीठ कुठलं?" मी विचारले. विज्ञानाचा मास्तर दुसरे काय विचारणार?

मीठ पुण्याहून येई. समुद्राच्या पाण्यात असतात ते सगळे क्षार मापाने घातलेले. आपल्या स्वयंपाकाच्या मिठाने चालत नाही. लिटरला पस्तीस ग्रॅमच्या आसपास. म्हणजे त्या पेटीत सहा किलो. काचेच्या तरंगत्या नळीने घनता पाहायची, 1.025 भरली पाहिजे. नळाच्या पाण्यातले क्लोरीन आधी घालवायचे. आणि एवढे करून मासे सोडायचे नाहीत! आधी सहा आठवडे नुसते पाणी खेळवत ठेवायचे. माशांच्या घाणीतून अमोनिया होतो, तो विषारी. त्याचे नायट्राइट करणारे जंतू असतात, तेही विषारी. त्याचे नायट्रेट करणारे आणखी निराळे जंतू. ते बरेचसे निरुपद्रवी. हे दोन्ही जातीचे जंतू दगडावाळूत रुजेपर्यंत थांबावे लागते. सहा आठवडे अण्णा रोज संध्याकाळी खुर्ची टाकून रिकाम्या पाण्यासमोर बसत असे. मी भिंतीच्या अलीकडे पेपर वाचीत असे.

खेकडा मात्र दुकानातला नव्हता. वरंध घाटाने महाडला उतरून अण्णा हरिहरेश्वरला गेला होता. तिथे खडकाच्या फटीतून त्याने हा पकडला आणि ओल्या शेवाळात गुंडाळून डब्यातून आणला. "चूकच केली," तो म्हणाला. "मासे आधी होते. खेकडा नंतर आला. नंतर आलेल्याला जागा करून देताना जे होतं ते होतं." एक निळा मासा होता, महिन्याभरात नाहीसा झाला, सकाळी शेपूट तेवढी सापडली. खडकावरचा हा खेकडा तसा शेवाळ खरवडून खाणारा. पण रात्री मासा दगडाच्या आडोशाला निजलेला दिसला तर मी शाकाहारी आहे असे सांगत बसणारा नव्हे. म्हणून त्याला दिवसाउजेडी पोटभर घालायचे. उपाशी ठेवायचा नाही. लपायला जागा पुष्कळ ठेवायच्या, ज्याच्या त्याला आपल्या. पाण्याबाहेर बसायला दगड ठेवायचा. आणि झाकण घट्ट लावायचे. शेवटचा नियम पंपाच्या नळीसाठी ठेवलेल्या फटीपाशी लंगडा पडत होता. हा बहाद्दर नळी धरून वर चढे आणि कल्ले ओले आहेत तोवर वाडाभर हिंडे.

शंखातल्या खेकड्यांचा निराळाच संसार. त्यांचे पोट मऊ; त्याला स्वतःचे कवच नाही. म्हणून मेलेल्या गोगलगायीचा शंख पाठीवर घ्यायचा. अंग वाढले की मोठा शंख शोधायचा. पेटीत मोकळे शंख टाकून ठेवले नाहीत तर हे गृहस्थ जिवंत गोगलगाईला घराबाहेर काढतात. एक मोठा शंख मोकळा मिळाला की कधी कधी खेकडे लहानमोठे असे रांगेने उभे राहतात. पहिला मोठ्यात गेला की दुसरा त्याच्या रिकाम्यात, तिसरा दुसऱ्याच्यात. काही क्षणांत सगळ्यांची घरे बदलून होतात. शास्त्रज्ञांनी हे अनेक किनाऱ्यांवर पाहून ठेवले आहे. अण्णाने हे सांगितले आणि आम्ही दोघे नऊ इंची भिंतीकडे न पाहण्याची फार खबरदारी घेतली.

मोरीच्या भोकाला जाळी बसवायची असे त्या सकाळी ठरले. ती काही बसली नाही. मी आठवण केली नाही, त्यानेही केली नाही. खेकडा आणखी तीनदा आला. ही त्याला पळीने उचलून पलीकडे नेई आणि एक-दीड तासाने परत येई.

एप्रिलमध्ये अण्णाच्या छातीत दुखले. पुण्यात शस्त्रक्रिया ठरली. पुढे दोन महिने तो माझ्या मुलीकडेच राहणार होता. काकाला न्यायला तीच आली. गाडीत बसण्यापूर्वी त्याने मला एक वही दिली. शाळेतली दोनशेपानी, कव्हर घातलेली. पहिल्या पानावर सूचना. 'तांब्याचे भांडे पाण्यात बुडवू नये. गोगलगाय व खेकडा ह्यांना तांबे मारक आहे.' गंमत अशी की खेकड्याच्या स्वतःच्या रक्तात तांबे असते, आपल्यात लोह असते तसे. त्यामुळे ते निळसर. पण जे रक्तात हवे तेच पाण्यात आले की मरण. म्हणून स्टीलचा तांब्या. खाणे किती, केव्हा. उरलेले का काढायचे. आणि पाचवी सूचना : 'पाणी कमी झाले की गोडे पाणी घालावे.'

अण्णा गेल्यावर चौथ्या दिवशी खेकडा मेला. वाळूवर उताणा, पाय पसरलेले. मी पुण्याला फोन केला. अतिदक्षता विभागातून नुकत्याच बाहेर आलेल्या माणसाला असली बातमी द्यावी की नाही, ह्यावर आमचे नवराबायकोचे भांडण झाले. शेवटी मी चाचरत सांगितले. पलीकडून बराच वेळ काही नाही. मग अण्णाचा बारीक आवाज : "उचलून बघ. जड लागतोय का?"

उचलला. कागदासारखा हलका. पाठीमागे उघडलेली फट, आत काही नाही. डोळ्यांच्या काचासुद्धा जागच्या जागी, आणि आत कोणी नाही.

"कात टाकलीय रे. आत दगडाखाली बसला असेल. चार-आठ दिवस मऊ असतो, कोणीही खाईल; त्याला त्रास देऊ नको. आणि ती कात तिथंच राहू दे, थोडी खाईल तो. चुना लागतो त्याला."

'रे' ऐकून मला जे वाटले ते मी हिला सांगितले नाही. तिनेच ओळखले असावे; कारण पिठले करायचे ठरले होते त्या दिवशी तिने शिरा केला.

आता माझ्या नामुष्कीचा भाग. उन्हाळा कडक होता. पेटीतले पाणी रोज दीड लिटर तरी आटे. पाचवी सूचना मी वाचली आणि हसलो. खाऱ्या पाण्यात गोडे पाणी? आजारपणात अण्णाच्या हातून लिहिण्यात चूक झाली असणार. मी सूचनेत मनातल्या मनात दुरुस्ती केली आणि रोज नियमाने, मापाने, लिटरला पस्तीस ग्रॅम मीठ घालून खारे पाणी करून ते भरू लागलो.

चाळीस दिवसांत गोगलगायी मेल्या. मग क्लाउनची जोडी पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागली. एका सकाळी त्यातला मोठा मासा, म्हणजे मादी, वाळूवर पडली होती. मी नळी बुडविली. 1.035.

मग मला कळले. वाफ पाण्याची होते, मिठाची होत नाही. हे मी सातवीच्या वर्गाला बत्तीस वर्षे शिकविले होते. फळ्यावर मिठागराची आकृती काढून, सूर्य, वर जाणारे बाण, खाली राहिलेले मीठ. ती आकृती न काढणाऱ्याला मी अंगठे धरून उभे केलेले आहे. दीड लिटर रोज, चाळीस दिवस, म्हणजे साठ लिटर. साठ गुणिले पस्तीस, दोन किलो शंभर ग्रॅम. इतके मीठ मी माझ्या भावाच्या समुद्रात जास्तीचे घातले होते. मोरीच्या पाण्यावरून रजिस्टर पत्र लिहिणारा माणूस पाण्याबाबत असा निघाला.

खारे पाणी काढून गोडे घालायचे, पण एकदम नाही. एकदम घातले तरी मरतात. तीन आठवडे रोज थोडे थोडे करीत मी घनता खाली आणली. खेकड्याला काही झाले नाही. उन्हात तापलेल्या खडकावरच्या डबक्यात जन्म काढणाऱ्याला असले चढउतार सवयीचे असावेत. रोज रात्री फोन येई. "सगळं ठीक?" "ठीक." जूनमध्ये मी पुण्याला त्याला भेटायला गेलो आणि परत येताना मेलेल्या माशासारखा एक मासा पिशवीत घेऊन आलो. आठ गोगलगायीही आणल्या; चाराच्या जागी आठ असल्या की मोजणार कोण, हा त्यातला चतुरपणा. ही म्हणाली, "सांगून टाका." मी म्हणालो, "त्याच्या हृदयाला झेपायचं नाही." कोणाच्या हृदयाबद्दल मी बोलत होतो ते तिला ठाऊक होते.

जूनअखेर अण्णा परत आला. खुर्ची टाकून पेटीसमोर बसला. तासभर पाहिले. "छान ठेवलंस रे," म्हणाला.

पाऊस लागला होता. जुलैच्या सुरुवातीला माझा मेहुणा वेल्ह्याहून गोणपाटात खेकडे घेऊन आला. नुकतेच, 2 जुलैच्या रात्री, चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण फुटून माणसे वाहून गेली होती. आणि तेव्हाच्या जलसंधारणमंत्र्यांनी धरण खेकड्यांनी पोखरले असे सांगितले होते. मेहुणा म्हणाला, "अण्णा, तुमचा पाव्हणा भाटघरच्या अंगाला सोडू नका बरं. आख्खं धरण अंगावर यायचं." सगळे हसलो, पण तिवऱ्याच्या आठवणीने ते हसू लवकर विरले. आमच्याकडचा खेकडा भातखाचराच्या बांधाला भोके पाडतो हे खरे. मेहुण्याचे निम्मे आयुष्य ती बुजविण्यात गेले आहे. पण धरणाच्या कामातली भोके कोण पाडतो हे त्यालाही ठाऊक होते.

गोणपाटातला एक खेकडा हिने उचलला, उलटा केला आणि बाजूच्या बादलीत टाकला. "पिल्लंवाली आहे. ही नाही घ्यायची." अण्णाने तिला ती पुन्हा दाखवायला सांगितली. पोटाखालची घडी हिने नखाने जराशी उचलली. आत मुगाच्या दाण्याएवढे खेकडे, पायनांग्यांसकट, एकमेकांना बिलगून. अण्णा बघतच राहिला. समुद्रातल्या खेकड्याचे असे नसते, तो म्हणाला. तिथे मादी अंडी वागवते. पण ती फुटली की बाहेर येतात ते कोणाला खेकडे वाटणारही नाहीत असे बारीक जीव. ते पाण्यावर सोडून द्यायचे. लाटा नेतील तिकडे जातात, रूपे बदलतात, कधीतरी कुठल्या तरी किनाऱ्याला लागतात. म्हणून पेटीत त्यांची पिल्ले वाढवणे कठीण. ह्या घाटातल्या बाईला मात्र समुद्र नाही; ओढ्यात सोडली तर वाहून जातील, म्हणून पुरती घडेपर्यंत पोटाशी.

"आम्ही समुद्रवाले," अण्णा म्हणाला, आणि पुढे काही बोलला नाही. कॅनडाचा फोन रविवारी यायचा. तो बुधवार होता.

मेहुण्याने मादी परत जाताना ओढ्यात सोडायला नेली. रात्री अण्णा आमच्याकडे जेवला.

दुसऱ्या दिवशी खाण्याची वेळ पाहायला मी वही उघडली. पहिल्या पानावर पाचव्या सूचनेतल्या 'गोडे' ह्या शब्दाखाली तांबड्या शाईने दोन रेघा ओढलेल्या होत्या. माशांच्या नोंदीच्या पानावर जुन्या मादीपुढे तारखेची जागा कोरी ठेवून 'गेली' असे लिहिले होते. खाली : 'नवी. पाठीवरचा पट्टा अखंड. जुनीचा तुटका होता.' मी पेन घेतले आणि कोऱ्या जागेत तारीख भरली. ह्या विषयावर आमच्यात एवढेच बोलणे झाले.

अण्णा 2021 च्या फेब्रुवारीत, झोपेत गेला. मुलगा आला, दहा दिवस राहिला. पेटीचे काय करायचे हे त्याने मला विचारले नाही. मीही काढले नाही. भिंत आहे. भोक आहे. अण्णाने खेकड्याच्या काती फळीवर ओळीने मांडून ठेवल्या होत्या, लहानापासून मोठ्यापर्यंत पाच. पुढच्या वर्षभरात मी सहावी ठेवली.

2022 च्या श्रावणात एका सकाळी खेकडा वाळूवर उताणा दिसला. आता मी जाणता झालो होतो. हात लावला नाही. तीन दिवस दगडाखाली तो कुठे दिसतो का पाहिले. चौथ्या दिवशी पळी घालून उचलला. जड लागला.

हिला सांगितले. जन्मात हजारो खेकडे रांधलेली बाई पदराने हात पुसत आली, त्याला तळहातावर घेतले आणि परसात, विहिरीच्या कडेला, तिनेच पुरले. मी आत येऊन पेटीसमोर उभा राहिलो. दोन मासे वर येऊन तोंड उघडझाप करीत होते. पाणी खुणेच्या रेघेखाली बोटभर उतरले होते. मी स्टीलचा तांब्या घेतला आणि विहिरीवर गेलो.